मोटरचा पाय आणि रोजचा दिवस

आजच्या विषयाचा फलक बाहेर लागला तेव्हा एका श्रोत्याने आम्हाला वाटेतच गाठले. म्हणाला, "सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे माणूस. मोटरवर चालणाऱ्या पायाशी तुमचा काय संबंध?" प्रश्न रास्त आहे. आम्ही अभियंता नाही, डॉक्टरही नाही. वर्गात आयुष्यभर 'मूल्य म्हणजे काय' एवढेच फळ्यावर लिहीत आलो. निवृत्तीनंतर मात्र हाच प्रश्न आमच्या दारात येऊन उभा राहिला, आणि त्याचे उत्तर देण्याची जबाबदारी अंगावर पडली.

झाले असे. पोलादपूर तालुक्यातल्या एका वाडीतला तिशीचा तरुण. महाडच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामाला होता. महामार्गावर मोटारसायकलला अपघात झाला आणि उजवा पाय मांडीतून काढावा लागला. त्याच्या परवानगीनेच हे सांगतो आहोत, नाव मात्र सांगत नाही. वर्षभराने त्याला साधा यांत्रिक पाय मिळाला. तो पाय बराचसा वेळ घराच्या कोपऱ्यात उभा असे. मग मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळाने मनावर घेतले. कोणीतरी मोबाईलवर चित्रफीत पाहिली होती: परदेशातला एक गृहस्थ मोटरच्या गुडघ्यावर सरसर जिना चढतो आहे. 'हाच पाय आपल्या पोराला घ्यायचा.' चौकशी केली तर किंमत लाखांच्या दोन आकडी संख्येत. वर्गणी सुरू झाली आणि पैसा योग्य ठिकाणी जातो की नाही हे पाहायला पाच जणांची समिती नेमली. वयाचा मान म्हणून आम्हालाही तीत घेतले.

पहिली बैठक त्या तरुणाच्या घरीच झाली. खजिनदाराने विचारले, "गॅरंटी किती वर्षांची?" एका सभासदाने विचारले, "वजन किती?" त्याची आई चहा घेऊन आली, ती म्हणाली, "गुरुजी, तो पाय लावून त्याला खाली मांडी घालून जेवायला बसता येल का?" आम्ही तिघांचेही प्रश्न वहीत टिपले. तो तरुण दाराशी खुर्चीवर बसून होता. त्याला काय हवे हे त्या दिवशी कोणीच विचारले नाही. आम्हीही नाही. त्या चुकीकडे आपण शेवटी येऊ.

आधी यंत्र समजून घेऊ. मांडीतून पाय गेलेल्या माणसासाठी खरी अडचण गुडघ्याची असते. बाजारात ढोबळमानाने तीन प्रकारचे गुडघे मिळतात. पहिला यांत्रिक: बिजागरीचा, किंवा चार-पाच सांधे एकत्र काम करतात असा बहुअक्षी. दुसरा, ज्यात सेन्सर आणि छोटा संगणक असतो. पाय टेकला की उचलला, माणूस उतारावर आहे की सपाटीवर, हे तो सेकंदाला अनेकदा तपासतो आणि त्याप्रमाणे गुडघा कडक किंवा सैल करतो. जर्मनीच्या ऑटोबॉक कंपनीचा सी-लेग १९९७ मध्ये आला, तो या जातीचा. तिसरा खऱ्या अर्थाने मोटरचा. आइसलंडच्या ओसुर कंपनीने २००६ मध्ये 'पॉवर नी' नावाने असा गुडघा बाजारात आणला. याच्यात मोटर स्वतः जोर लावून गुडघा सरळ करते, माणसाला वर उचलते.

दुसरा आणि तिसरा यांतला फरक नीट लक्षात घ्या, कारण जाहिरातीत तो पुसला जातो. दुसऱ्या प्रकारात फक्त ब्रेक आहे, इंजिन नाही. हुशार ब्रेक आहे, पण ब्रेकच. तिसऱ्यात इंजिन आहे. आता बघा, आपला नैसर्गिक गुडघा सपाटीवर चालताना काय करतो? बहुतेक वेळ तो ब्रेकचेच काम करतो. चालताना पुढे ढकलण्याचा मोठा जोर पोटरीतून, म्हणजे घोट्यातून येतो. गुडघ्याचा स्वतःचा जोर लागतो तो जिना चढताना, चढणीवर आणि खाली बसून उठताना. म्हणून सपाट जमिनीवर मोटरच्या गुडघ्याचा फायदा तितका ठळक दिसत नाही. जिना चढताना आणि खुर्चीतून उठताना तो दिसतो.

तुम्ही म्हणाल, मग आपल्याकडे तर हाच पाय पाहिजे! पोलादपुरात सपाटी आहे कुठे? घर वर, शेत खाली, विहीर आणखी खाली. हा युक्तिवाद खरा आहे आणि तो आम्ही शेवटपर्यंत विसरणार नाही.

आता मूल्यमापनाकडे. शब्द फोडून पाहा: मूल्य आणि मापन. मापन शास्त्रज्ञांनी चोख केले आहे. सहा मिनिटांत माणूस किती अंतर चालतो. खुर्चीतून उठून तीन मीटर चालून, वळून, परत येऊन बसायला किती सेकंद लागतात. जिना चढताना पावले एकाआड एक पडतात की दोन्ही पाय एकाच पायरीवर टेकवावे लागतात. चालताना प्राणवायू किती खर्च होतो. मांडीतून पाय गेलेल्याला सपाटीवर चालतानासुद्धा इतरांपेक्षा निम्म्याहून अधिक जादा शक्ती खर्ची पडते, हे अशाच मोजमापातून कळले. अमेरिकेत तर माणसाच्या चालण्याच्या ० ते ४ अशा पाच श्रेणी केल्या आहेत आणि कोणाला कोणता गुडघा मिळावा हे त्या श्रेणीवर ठरते. आपल्या इस्रोने २०२२ मध्ये संगणक-नियंत्रित गुडघा तयार केल्याचे जाहीर केले. वजन सुमारे १.६ किलो, आणि तो लावून एका व्यक्तीने थोड्या आधाराने मार्गिकेत सुमारे १०० मीटर चाल केली. अभिमान वाटावा असेच काम आहे. पण वाडीतल्या माणसाच्या मनात एक प्रश्न येतो: मार्गिका म्हणजे गुळगुळीत, कोरडी, दिवे लागलेली जागा. आमच्या वाडीला मार्गिका नाही.

मोजमाप खोटे नसते. ते कुठल्या तरी जागेचे, कुठल्या तरी दिवसाचे असते, एवढेच. २०१६ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये सायबॅथलॉन नावाची स्पर्धा झाली. कृत्रिम पाय लावलेल्या स्पर्धकांनी सोफ्यावर बसून उठायचे, जिना चढायचा-उतरायचा, कलत्या वाटेवरून जायचे, दगडांवर पाऊल टाकत पुढे जायचे. रोजची कामे हीच परीक्षा, ही कल्पना आम्हाला फार आवडली. पण पाहा, त्यात सोफा आहे, पाट नाही. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात विश्पलेची कथा येते. तिचा पाय तुटतो आणि अश्विनीकुमार तिला लोखंडाची जंघा देतात. कशासाठी? पैजेत धावण्यासाठी. ती स्त्री होती की घोडी, यावर पंडितांचा वाद आहे, तो असो. २०१२ मध्ये शिकागोत एक गृहस्थ स्नायूंचे संदेश ओळखणारा मोटरचा पाय लावून १०३ मजले चढला. तो पाय तेव्हा संशोधनातला होता, बाजारातला नव्हता. विश्पलेपासून शिकागोपर्यंत कृत्रिम पायाची गोष्ट पराक्रमाच्या दिवशी सांगितली जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी तो माणूस संडासला कसा गेला, हे कोणी सांगत नाही.

ते विचारले एका डॉक्टरने आणि एका कारागिराने. जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात १९६८ च्या सुमारास डॉ. प्रमोद करण सेठी आणि रामचंद्र शर्मा यांनी पाहिले की पाश्चात्त्य धर्तीचा पाऊलभाग लोक काही दिवसांत टाकून देतात. बूट घातल्याशिवाय तो चालत नाही, आणि आपला माणूस घरात, देवळात, शेतात अनवाणी. तो पाऊलभाग वाकत नाही, आणि आपला माणूस उकिडवा बसतो, मांडी घालतो. मग रबराचे, वाकणारे, चिखलपाण्यात टिकणारे जयपूर पाऊल तयार झाले. सेठींना १९८१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मास्टरजी म्हणून ओळखले जाणारे शर्मा यांचे नाव मात्र कमी लोकांना ठाऊक आहे. दोघांनी जे केले ते आमच्या मते मूल्यमापनच होते. माप घेण्याआधी त्यांनी दिवस पाहिला. पण लक्षात ठेवा, जयपूर पाऊल हे पाऊल आहे. मांडीतून पाय गेलेल्याच्या गुडघ्याचा प्रश्न त्याने आपोआप सुटत नाही.

मोटर, संगणक, किंमत यांच्या गोंगाटात दोन गोष्टी मागे पडतात. एक सॉकेट. उरलेली मांडी ज्या कवचात बसते ते. वरचा गुडघा वीस लाखांचा असो की वीस हजारांचा, अंगाचा सगळा भार त्या कवचातून कातडीवर येतो. मांडीचा आकार बदलत राहतो. वजन कमी-जास्त झाले, सूज आली, की कवच घासते. आणि आपल्या कोकणातली हवा! मे महिन्यात कवचाच्या आत घामाच्या धारा लागतात. जखम झाली की पाय कोपऱ्यात. दुसरी गोष्ट वजन. मोटरच्या गुडघ्याचे वजन अडीच-पावणेतीन किलोच्या घरात जाते. कोणी म्हणेल, खरा पाय तर याहून कितीतरी जड असतो. असतो. पण खरा पाय हाडाला आणि स्नायूंना जोडलेला असतो. कृत्रिम पाय कातडीला लटकतो. हा फरक काट्यावर दिसत नाही.

आता आपल्या भागात या. डोंगर मोटरच्या बाजूने बोलतात हे आपण मान्य केले. पाऊस विरुद्ध बाजूने बोलतो. चार महिने बांध निसरडे, पायवाटेवर वाहते पाणी, लावणीच्या वेळी पोटरीएवढा चिखल. पाणी सहन करणारी यंत्रे आता निघाली आहेत, पण पाणी सहन करणे वेगळे आणि चिखलात रुतलेला पाय उपसणे वेगळे. मोटर रोज चार्ज करावी लागते. जुलै २०२१ आठवा. महाडच्या बाजारपेठेत घरांचे तळमजले पाण्याखाली गेले. तळियेत दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपुरातही दरडी आल्या. कितीतरी गावे वीज आणि फोनविना राहिली. अशा रात्री घरातून बाहेर पडायचे आहे आणि पायाची बॅटरी उतरली आहे, असा विचार करून पाहा. आणि दुरुस्ती? मोठी केंद्रे पुण्या-मुंबईला. पुण्यात सैन्याचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून आहे, मुंबईत हाजी अलीची पुनर्वसन संस्था १९५५ पासून. मोटरच्या पायाची दुरुस्ती तर त्या त्या कंपनीच्या माणसाकडेच. पावसात वरंध घाट बंद झाला की पुणे लांब पडते. पाय बिघडलेल्या माणसाने पायाच्या दुरुस्तीसाठी किती एसट्या बदलायच्या?

इथे आम्हाला आमच्या विषयातले एक नाव घ्यावेसे वाटते. अमर्त्य सेन यांनी १९७९ च्या एका व्याख्यानात विचारले, समानता कशाची? त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: वस्तूकडे पाहू नका, आणि वस्तू मिळाल्याच्या समाधानाकडेही पाहून थांबू नका. ती वस्तू त्या माणसाला काय करू देते आणि काय होऊ देते, ते पाहा. सायकल सगळ्यांना सारखीच दिली तरी सगळ्यांचा प्रवास सारखा होत नाही.

महाडकरांना हे सेन यांच्याकडून शिकण्याची गरज नाही. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ मध्ये झाला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले होते. तरीही २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारो माणसांसह चालत जाऊन पाण्याला हात लावावा लागला. तो अन्याय आणि पाय गमावण्याचे दुःख एका मापाने मोजण्याचा उद्धटपणा आम्ही करणार नाही. एवढेच म्हणतो की हक्क कागदावर असणे आणि पाऊल पाण्यापर्यंत पोचणे यांतले अंतर या गावाने पाहिलेले आहे. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ मध्ये आला. आपल्या तलाठी कचेरीला, बँकेला, दवाखान्याला कठडा आणि उतरण आहे का, हे आज घरी जाताना बघा. जिथे उतरण आहे तिथे साधा पायसुद्धा चांगला ठरतो. म्हणजे पायाचे मूल्य निम्मे पायात असते आणि निम्मे आपण बांधलेल्या पायरीत.

असो. समितीकडे परत येऊ. आम्ही एक साधी गोष्ट सुचवली. त्या तरुणाला वही दिली आणि सांगितले, पंधरा दिवस लिही. पाय किती वाजता लावला, किती वाजता काढला, का काढला, आणि काय करायचे राहिले.

वही परत आली तेव्हा समिती गप्प झाली. पंधरापैकी नऊ दिवस पाय दुपारच्या आत काढलेला. कारण एकच: जांघेत कवच घासते. म्हणजे मोटरचा प्रश्न येण्याआधीच पाय कोपऱ्यात जात होता. पहिला खर्च आम्ही नव्या सॉकेटचा ठरवला. तंत्रज्ञाकडे तीन वेळा जाऊन ते नीट बसवून घेतले, सोबत व्यायाम आणि चालण्याचे शिक्षण घेतले. नंतरच्या वहीत बरीच 'राहिलेली' कामे होऊ लागली होती.

आईच्या प्रश्नाचे उत्तरही मोटरमध्ये नव्हते. कवच आणि गुडघा यांच्यामध्ये टर्नटेबल नावाचा छोटा यांत्रिक भाग बसवता येतो. कळ दाबली की खालचा पाय आडवा वळतो आणि मांडी घालता येते. त्याला वीज लागत नाही, मोटरच्या मानाने खर्च फारच कमी. मात्र उरलेली मांडी फार लांब असेल तर त्याला जागा मिळत नाही. आमच्या तरुणाला जागा होती.

आम्ही खूश झालो. मनात अहवालही तयार होता: शेत, पाऊस, पंगत, अनवाणी पाय, आपल्या मातीला मोटर मानवणार नाही. तो अहवाल त्याला वाचून दाखवला. ऐकून घेतले आणि तो म्हणाला, "सर, मला शेतावर जायचंच नाहीये. मांडी घालायची हौस आईला आहे, मला खुर्ची चालते. मला कंपनीत परत जायचंय. तिथं वर जायला लोखंडी जिना आहे. चढतो मी, कठडा धरून, चांगला पाय पुढे टाकून. उतरताना पोटात गोळा येतो."

मित्रहो, आम्ही खजील झालो. परदेशी प्रयोगशाळेने आमचा दिवस गृहीत धरला नाही म्हणून आम्ही तासभर बोललो असतो, आणि आम्ही स्वतः त्याचा दिवस गृहीत धरून बसलो होतो. वाडीचा दिवस वेगळा, आईचा वेगळा, त्याचा वेगळा. तिघेही खरे. पण पाय त्याचा होता.

मग त्याच्या दिवसाशी यंत्र लावून पाहिले. चढणे जमते, उतरणे जमत नाही. उतरताना काय लागते? ब्रेक. म्हणजे त्याला इंजिनाची गरज कमी होती, हुशार ब्रेकची जास्त. दुसऱ्या प्रकारच्या गुडघ्यावर पायऱ्या एकाआड एक उतरता येतात, ठेच लागली तर तो सावरतो, आणि पडण्याचे प्रसंग कमी होतात असे अभ्यास सांगतात. विकत घेण्याआधी काही दिवस तसा गुडघा लावून बघू द्या, असा आग्रह धरला. तंत्रज्ञाच्या केंद्रातल्या जिन्यावर तो पहिल्या दिवशी घाबरतच उतरला. आठवड्याने जिन्यात असताना फोनवर बोलला. फ्रेंच तत्त्वज्ञ मेर्लो-पाँती यांनी अंधाच्या काठीचे उदाहरण दिले आहे: सवय झाली की काठी ही वस्तू राहत नाही, तिच्या टोकाशी स्पर्श पोचतो. आपल्या भाषेत याला 'अंगवळणी पडणे' हा नेमका शब्द आहे. चांगल्या पायाची कसोटी आम्ही तीच मानतो. तो किती जोर लावतो यापेक्षा तो कधी विसरला जातो.

निर्णय असा झाला: संगणकी ब्रेकचा गुडघा, टर्नटेबल, आणि जुना यांत्रिक पाय पावसासाठी जपून ठेवायचा. उरलेली रक्कम बँकेत, पुढच्या सॉकेटसाठी आणि दुरुस्तीसाठी. याचा अर्थ मोटर वाईट असा घेऊ नका. दोन्ही पाय गेलेला, किंवा चांगला पायही अशक्त असलेला, किंवा रोज मोठा जिना चढायचाच आहे असा माणूस असता तर आमचा निर्णय उलटा झाला असता.

तुमच्या घरी, शेजारी असा प्रसंग आला तर चार गोष्टी करा. ज्याचा पाय गेला त्याला आधी विचारा, त्याच्या घरच्यांना नंतर. पंधरा दिवसांची वही लिहून घ्या. किंमत विचारताना सॉकेट, शिक्षण, दुरुस्ती आणि काही वर्षांनी पाय बदलण्याचा खर्च विचारा. अपघात असेल तर भरपाईच्या दाव्यात हा पुढचा खर्चही मागा. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये एका दाव्यात कृत्रिम पायाच्या किमतीबरोबर तो बदलण्याचा आणि देखभालीचा खर्चही धरला आहे. आणि लावून पाहिल्याशिवाय घेऊ नका, चित्रफितीत कितीही सरसर चालला तरी.

त्या तरुणाला कंत्राटदाराने परत घेतले आहे, सहा महिन्यांच्या बोलीवर. गणपतीत तो पंगतीला मांडी घालून बसला, आईने दोनदा वाढले. कंपनीतला जिना तो उतरतो. चढताना अजून कठडा धरतो आणि संध्याकाळी चांगला गुडघा दुखतो म्हणतो. तेव्हा मोटर घेतली नाही हे बरोबर केले का, हा प्रश्न आम्ही मिटलेला मानत नाही. वही त्याच्याकडे आहे, तो लिहितो आहे.

आता तुमचे प्रश्न घेऊ.